'मनी हाइस्ट' किशोरवयीन मुलांना बघू द्यावी का? पालकांचे (आणि काही मुलांचे) नेहमीचे प्रश्न

आधीच सांगून ठेवते: पुढच्या उत्तरांत कोण मरतं, कोण कुणाच्या प्रेमात पडतं, हे सगळं उघड केलं आहे. मुलांना काय दाखवायचं हे ठरवायचं असेल तर त्याला इलाज नाही.

ही मालिका आहे तरी काय? आम्ही फक्त लाल कपडे आणि मिशीवाला मुखवटा पाहिलाय.

मूळ मालिका स्पॅनिश. नाव 'ला कासा दे पापेल', निर्माता आलेक्स पिना. स्पेनच्या अँतेना 3 वाहिनीवर ती मे 2017 मध्ये सुरू झाली आणि 15 एपिसोडमध्ये संपलीसुद्धा. नंतर नेटफ्लिक्सने ती घेतली, लांब एपिसोड कापून त्यांचे 22 केले, ते दोन भागांत (म्हणजे सीझनमध्ये) विभागले आणि 'मनी हाइस्ट' या नावाने जगभर दाखवली. 2018 मध्ये तिला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. संपलेली गोष्ट मग पुन्हा सुरू करण्यात आली: तिसरा भाग 2019 मध्ये, चौथा 3 एप्रिल 2020 रोजी, पाचवा 2021 मध्ये. चौथ्या भागाची तारीख बघा. आपल्याकडे लॉकडाउन लागून दहा दिवसही झाले नव्हते, मुलं घरात होती आणि फोन हातात होते. ही मालिका आपल्या घराघरांत शिरली ती अशी.

कथा थोडक्यात अशी: 'प्रोफेसर' नावाचा एक हुशार, संकोची माणूस आठ गुन्हेगार गोळा करतो. त्यांना शहरांची नावं देतो: टोकियो, बर्लिन, रिओ, डेन्व्हर, नैरोबी, मॉस्को, हेलसिंकी, ओस्लो. टोळी माद्रिदच्या टांकसाळीत घुसते, 67 जणांना ओलीस धरते आणि आतल्या आत स्वतःसाठी नोटा छापत बसते. प्रोफेसर बाहेरून पोलिसांना खेळवत राहतो. तिसऱ्या भागापासून दुसरा दरोडा सुरू होतो, या वेळी बँक ऑफ स्पेनमधल्या सोन्यावर. मुखवटा आहे चित्रकार साल्वादोर दालीचा.

रेटिंग काय आहे? ते सेन्सॉर बोर्ड देतं का?

नाही. सेन्सॉर बोर्ड सिनेमांना प्रमाणपत्र देतं. ओटीटीवरच्या मालिकांचं वर्गीकरण कंपनी स्वतःच करते. फेब्रुवारी 2021 मध्ये आलेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तिला पाच गट दिलेले आहेत: यू, यू/ए 7+, यू/ए 13+, यू/ए 16+ आणि ए. यू/ए 13+ आणि त्यावरच्या सगळ्यासाठी पालकांना लॉकची सोय देणं बंधनकारक आहे. 'ए' गटासाठी वय पडताळण्याची विश्वासार्ह व्यवस्था हवी असंही नियम सांगतात. आता 'मी 18 वर्षांचा आहे' यावर बोट ठेवणं हीच पडताळणी मानायची असेल, तर ती किती विश्वासार्ह आहे हे तुमचा आठवीतला मुलगाही सांगेल.

अमेरिकेत या मालिकेला टीव्ही-एमए हा शिक्का आहे, म्हणजे 17 वर्षांखालच्यांसाठी योग्य नाही. तिथल्या पद्धतीत हा सर्वांत वरचा गट. तुमच्या स्क्रीनवर भारतीय वर्गीकरण मालिकेच्या माहितीत दिसतं. त्यासोबत हिंसा, लैंगिक दृश्यं, शिवराळ भाषा, धूम्रपान अशा शब्दांत कारणही दिलेलं असतं. आकड्याइतकंच ते कारणही वाचा. तुमच्या मुलाला रक्त बघून काही होत नसेल, पण कुणाचा छळ बघितला की रात्र रात्र झोप लागत नसेल, तर ते तुम्हाला आकडा सांगणार नाही.

म्हणजे 16 पूर्ण झाले की चालेल आणि 15 वर्षं 11 महिने असताना नाही?

वाढदिवसाच्या दिवशी मेंदूत काही बदलत नाही, हे खरं. पण रेषा कुठेतरी आखावीच लागते आणि ती थोडी वरच आखलेली बरी. माझं मत विचाराल तर: 14 च्या खाली अजिबात नाही. 14-15 ला थांबवता आलं तर थांबवा. 16 च्या पुढे हरकत नाही, पण घरातल्या एका तरी मोठ्या माणसाने निदान पहिले दोन भाग पाहिलेले असावेत.

मारामारी, रक्तपात किती आहे?

पहिल्या दोन भागांत वाटतो त्यापेक्षा कमी. प्रोफेसरचा नियमच असतो की कुणाचं रक्त सांडायचं नाही, कारण लोकांची सहानुभूती गेली की खेळ संपला. त्यामुळे बंदुका सतत रोखलेल्या दिसतात, पण गोळ्या तुलनेने कमी सुटतात. जे आहे ते मात्र जवळून दाखवलंय. डोक्यात लोखंडी दांडा बसल्यामुळे ओस्लोची शुद्ध कायमची हरपते आणि त्याचा जिवलग हेलसिंकी त्याला उशीने गुदमरवून 'सोडवतो'. जखमी मॉस्कोचं हळूहळू मरणं लांबत जातं. मांडीत शिरलेली गोळी डॉक्टरशिवाय काढली जाते.

तिसऱ्या भागापासून मालिकेचा पिंडच बदलतो. रिओ पकडला जातो आणि त्याचा छळ होतो: जिवंत पुरण्याची भीती, झोपू न देणं. नैरोबीला तिच्या मुलाचं आमिष दाखवून खिडकीशी आणतात आणि गोळी घालतात. ती त्यातून कशीबशी वाचते, तर चौथ्या भागात गांदिया नावाचा सुरक्षाप्रमुख सर्वांसमोर तिच्या डोक्यात गोळी झाडतो. पाचव्यात तर लष्कर येतं, हातबॉम्ब येतात आणि दरोड्याची गोष्ट युद्धपट होऊन बसते. नैरोबीचा मृत्यू बघून कॉलेजातली मुलंही हमसून रडली आहेत, ते उगाच नाही. तीस एपिसोड तिच्यावर जीव लावायला लावून मग तिला मारलंय.

मग सर्वांत जास्त काळजी कशाची करायची? हिंसेचीच ना?

नाही, आणि हे पान लिहायचं खरं कारण तेच आहे. बंदूक ही बंदूक आहे हे पंधरा वर्षांच्या मुलाला कळतं. दरोडा घालू नये हेही त्याला नव्याने सांगावं लागत नाही. त्याला अजून न कळणारी गोष्ट आहे प्रेम, होकार आणि जबरदस्ती यांच्यातली सीमा, आणि ही मालिका नेमकी तिथेच सगळ्यात जास्त घोळ घालते.

मोनिका गास्ताम्बिदे टांकसाळीत काम करते. आर्तुरो या विवाहित वरिष्ठापासून तिला दिवस गेलेले आहेत. तिच्याकडे फोन सापडल्यावर बर्लिन तिला मारायचा हुकूम देतो. डेन्व्हर तिला मारत नाही, मांडीत गोळी घालून मेल्याचं नाटक रचतो आणि तिजोरीच्या खोलीत लपवतो. तिथे, त्याच्या कैदेत, त्यानेच केलेली जखम अंगावर असताना ती त्याच्या प्रेमात पडते. पुढे ती टोळीत सामील होते आणि 'स्टॉकहोम' हे नाव घेते. ऑगस्ट 1973 मध्ये स्टॉकहोमच्या नॉरमाल्मस्टोर्ग चौकातल्या बँकेत चार जणांना सहा दिवस ओलीस धरलं होतं. त्यांना पकडणाऱ्यांविषयीच जवळीक वाटू लागली, त्यावरून अशा ओढीला 'स्टॉकहोम सिंड्रोम' म्हणू लागले आणि मोनिकाचं हे नाव तिथून आलं. मालिकेतली पात्रं यावर बोलतातही. पण पार्श्वसंगीत, डेन्व्हरचं ते वेडं हसू, दोघांचे हळवे क्षण हे सगळं प्रेक्षकाला 'किती गोड जोडी' असंच वाटायला लावतं. माहिती एक सांगते आणि कॅमेरा दुसरंच सांगतो. किशोरवयात कॅमेराच जिंकतो.

बर्लिन आणि आरिआद्ना यांचं प्रकरण तर याहून काळोखं आहे. ती ओलीस आहे, भेदरलेली आहे. जीव वाचावा म्हणून ती त्याच्याशी गोड वागते, त्याच्याबरोबर झोपते. त्याला ते प्रेम वाटतं, किंवा वाटून घ्यायला आवडतं. याला बलात्कार म्हणतात. मालिका ते अर्धवट कबूल करते आणि मग बर्लिनला डौलदार, मरणाला हसत सामोरा जाणारा नायक करून टाकते. चौथ्या भागात आर्तुरो जेव्हा ओलिसांतल्या एका बाईला गुंगीचं औषध देऊन अत्याचार करतो, तेव्हा मात्र मालिका त्याला थेट खलनायक ठरवते. दोन्ही ठिकाणी संमती नाहीच. फरक इतकाच की एक रुबाबदार आहे आणि दुसरा किळसवाणा. मुलांशी एकाच गोष्टीवर बोलायला वेळ मिळणार असेल तर या दोघांवर बोला.

याच्या उलट एक जागा मालिकेने छान हाताळली आहे. पोलीस अधिकारी राकेल मुरियो हिचा माजी नवरा तिला मारायचा. तो त्याच खात्यातला, सगळ्यांचा लाडका. त्यामुळे तिच्या तक्रारीवर सहकारीच विश्वास ठेवत नाहीत. 'तो किती चांगला माणूस आहे' हे वाक्य आपल्याकडे कानावर न पडलेली बाई विरळाच. हा धागा मुलींनाच नव्हे, मुलांनाही दाखवण्यासारखा आहे. अर्थात पुढे तीच राकेल खोटं नाव सांगून जवळ आलेल्या प्रोफेसरच्या प्रेमात पडते आणि त्या फसवणुकीचा हिशेब फार लवकर मिटवला जातो, हेही लक्षात असू द्या.

पहिल्याच एपिसोडमध्ये शाळकरी मुलीचा फोटो काढतात असं ऐकलं. खरं आहे?

हो. ॲलिसन पार्कर ही ब्रिटिश राजदूताची मुलगी शाळेच्या सहलीबरोबर टांकसाळ बघायला आलेली असते. वर्गातला, तिला आवडणारा मुलगा तिला स्वच्छतागृहात नेतो, जवळीक करतो आणि अर्धवट कपड्यांतला तिचा फोटो काढून पसरवतो. ती हादरून बसलेली असतानाच दरोडेखोर शिरतात आणि कथा पुढे पळते. त्या मुलाने काय केलं याचा जाब नीट कुणी विचारत नाही. संपूर्ण मालिकेत तुमच्या मुलांच्या आयुष्यात प्रत्यक्ष घडण्याची सर्वाधिक शक्यता असलेला प्रसंग हाच आहे. टांकसाळीवर दरोडा घालायला कुणी जाणार नाही, पण फोन प्रत्येकाच्या खिशात आहे.

म्हणून इथे एपिसोड थांबवा आणि सांगा. कुणाच्या खासगी अवयवांचा फोटो संमतीशिवाय काढणं किंवा पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फोटोतली व्यक्ती 18 वर्षांखालची असेल तर कलम 67बी लागू होतं, पॉक्सोही लागतो आणि शिक्षा वाढते. ग्रुपवर आलेला असा फोटो 'मी फक्त फॉरवर्ड केला' हा बचाव चालत नाही. उलट बाजूही तितकीच स्पष्ट सांगा: तुझा असा फोटो कुणी पसरवला तर चूक तुझी नाही, आधी आमच्याकडे ये. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 आहे, सायबर गुन्ह्यांसाठी 1930 आहे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही नोंदवता येते.

शरीरसंबंधांची दृश्यं किती? सगळ्यांनी मिळून बघता येईल का?

आजी-आजोबांसोबत नाही. पहिल्या दोन भागांत टोकियो-रिओ आणि डेन्व्हर-मोनिका यांची अशी दृश्यं अनेकदा येतात, नग्नताही आहे. फार लांबत नाहीत, पण अवघडायला पुरेशी आहेत. दहा सेकंद पुढे ढकलण्याचं बटण आहे, ते वापरायला लाजू नका. वयात आलेल्या मुलालाही आईबाबांशेजारी बसून हे बघायचं नसतंच. दृश्य पुढे ढकलल्याने कथानक बिघडत नाही.

शिव्या? सिगारेट?

दोन्ही भरपूर. इंग्रजी सबटायटल्समध्ये शिव्या जशाच्या तशा येतात आणि मूळ आवाजात बघणारी मुलं स्पॅनिश शिव्या लगेच उचलतात, मग वर्गात शिक्षकांना कळत नाही म्हणून खूश होतात. सिगारेट तर पात्रांच्या हातातून सुटतच नाही. 1 सप्टेंबर 2023 पासून ओटीटीवरही तंबाखूविरोधी इशारे दाखवणं सक्तीचं झालं आहे, तेव्हा तो इशारा आणि टोकियोचा झुरका एकाच वेळी स्क्रीनवर असतात. मला यात फार काही करण्यासारखं दिसत नाही. घरात कुणी ओढत असेल तर मालिकेपेक्षा त्याचा परिणाम मोठा.

ही मालिका चोरांना नायक करते. मुलांवर तेच बिंबणार नाही का?

करतेच. टोळीचं गाणं 'बेला चाओ' हे मुळात इटलीतल्या फॅसिस्टविरोधी लढ्याशी जोडलेलं आणि प्रोफेसरच्या आजोबांनी त्या लढ्यात भाग घेतला होता असं कथेत येतं. दरोड्याला प्रतिकाराचा मुलामा दिला की तो बघणाऱ्याला रुचतो. प्रोफेसर राकेलला एक भाषणही देतो: युरोपीय मध्यवर्ती बँकेने 2011 मध्ये 171 अब्ज युरो हवेतून निर्माण केले, 2012 मध्ये 185 अब्ज, 2013 मध्ये 145 अब्ज, ते थेट बँकांकडे गेले आणि त्याला कुणी चोरी म्हटलं नाही. मग आम्ही छापले तर काय बिघडलं?

हे भाषण ऐकून सोळा वर्षांचं पोर भारावतं, आणि भारावू द्या. अर्थशास्त्रावर आपण होऊन प्रश्न विचारण्याची संधी त्याला पुन्हा कधी मिळणार? बँकांना दिलेलं कर्ज परत घ्यायचं असतं आणि प्रोफेसर नोटा घेऊन पळून जाणार असतो, हा फरक त्यालाच शोधायला सांगा. शिवाय बाहेर गेलेले 984 दशलक्ष युरो कुठल्या गरिबाला मिळाले? टोळीच वाटून घेते आणि जगभर पांगते. लहानपणापासून ऐकलेल्या, श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणाऱ्या बंडखोरांच्या पंक्तीत प्रोफेसर बसत नाही.

कायद्याचं एक कलमही इथे सांगण्यासारखं आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 310 नुसार पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. दरोडा घालताना त्यांच्यापैकी एकाने खून केला तर सगळेच त्या शिक्षेला पात्र ठरतात, फाशी किंवा जन्मठेपेपर्यंत. 'मी गोळी घातली नाही, मी फक्त कॉम्प्युटर सांभाळत होतो' हे रिओ भारतात म्हणू शकला नसता. मुलांना हे कलम ऐकून धक्का बसतो, कारण मित्रांच्या टोळक्यात मागे उभं राहणं म्हणजे सुरक्षित असणं, असं त्यांना वाटत असतं.

पण बघून मुलं खरंच तसं वागतात का? संशोधन काय म्हणतं?

एका मालिकेमुळे कुणी दरोडेखोर होत नाही, एवढं सांगायला संशोधन लागत नाही. मात्र मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांचा 1965 मधला एक प्रयोग मला उपयोगी वाटतो. नर्सरीतल्या मुलांना एका फिल्ममध्ये मोठा माणूस बाहुलीला बडवताना दाखवला. काहींच्या फिल्ममध्ये त्याला बक्षीस मिळालं, काहींच्या फिल्ममध्ये शिक्षा झाली. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. पण नंतर 'जे पाहिलं ते करून दाखवा, खाऊ मिळेल' म्हटल्यावर त्यांनीही इतरांइतकंच करून दाखवलं. म्हणजे शिकली सगळीच होती.

तुमची मुलं नर्सरीत नाहीत, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी मालिका जोखताना एक प्रश्न यातून मिळतो: वाईट वागण्याची किंमत पडद्यावर कोण मोजतं? 'मनी हाइस्ट'मध्ये टोळी किंमत मोजते, पाच जण जिवाला मुकतात. पण आरिआद्नावरच्या जबरदस्तीची किंमत बर्लिन कधीच मोजत नाही. तो मरतो तो वीरमरणाने.

आम्ही 'सीआयडी' बघत वाढलो. दर एपिसोडला एक खून. आमचं काय बिघडलं?

काही नाही. पण 'सीआयडी'त एसीपी प्रद्युम्न झालेल्या शिवाजी साटमांच्या बाजूने आपण बघत होतो. खुनी तासाभरात पकडला जायचा, दयाने दार तोडलं की निकाल लागला. खुन्याचं बालपण, त्याची प्रेमकथा, त्याचे स्वप्नाळू डोळे यात कुणी आपल्याला रमवलं नव्हतं. आणि आठवडाभर वाट बघायला लागायची, तेवढ्यात डोकं निवायचं. इथे एक एपिसोड ऐन मोक्याच्या क्षणी संपतो आणि पुढचा पाच सेकंदांत आपोआप सुरू होतो. प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये ऑटोप्ले बंद करता येतो, तेवढं आजच करा. रात्री दोनपर्यंत जागण्याचं अर्धं कारण तेच आहे.

पहिले दोन भाग बघू द्यायचे आणि पुढचे नाहीत, असं चालेल का?

चालेल, आणि ही सूचना मला पटते. मूळ गोष्ट दुसऱ्या भागाच्या शेवटी पूर्ण होते. स्पेनमध्ये ती तिथेच संपली होती. छळ, युद्ध, नैरोबी, टोकियोचा मृत्यू हे सगळं त्यानंतरचं. अडचण एकच, तिसऱ्या भागाचं पोस्टर लगेच समोर येतं. 'पुढचं वर्षभराने बघू' हे आधीच ठरलेलं असेल तर वाद कमी होतो.

सगळं आधी बघायला वेळ नाही. काही निवडक बघून ठरवता येईल?

पहिला एपिसोड पूर्ण बघा, त्यात ॲलिसनचा प्रसंग आहे. मग मोनिकाला गोळी घातल्यानंतर तिच्यात आणि डेन्व्हरमध्ये जे घडतं ते तीन-चार एपिसोड. दुसऱ्या भागातला आरिआद्नाचा धागा. आणि चौथ्या भागात नैरोबी मरते तो एपिसोड. एवढ्यात मालिकेचं सगळं रूप कळतं. ट्रेलर बघून ठरवू नका, ट्रेलरमध्ये फक्त मुखवटे आणि स्फोट असतात. ती बाजू तुलनेने निरुपद्रवी आहे.

लॉक कसं लावायचं?

फोनच्या ॲपवर शोधत बसू नका, ब्राउझरमध्ये अकाउंट उघडा. मुलाच्या प्रोफाइलला वयोगटाची मर्यादा घाला. तेवढ्याने भागत नसेल तर त्या प्रोफाइलवर ही एकच मालिका नावाने अडवता येते. आणि लोक हमखास विसरतात ते: तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलला चार आकडी पिन लावा. मुलाचं प्रोफाइल कुलूपबंद आणि 'बाबा' नावाचं प्रोफाइल सताड उघडं, अशी अवस्था असते. पिन म्हणून जन्मवर्ष ठेवू नका.

मोठा 17 चा, धाकटी 12 ची, टीव्ही एकच. काय करायचं?

मोठ्याला हेडफोन आणि लॅपटॉप. हॉलमधल्या टीव्हीवर ही मालिका लावायची नाही, एवढा नियम पुरे. 'ती तिकडे खेळतेय, तिचं लक्ष नाही' यावर विश्वास ठेवू नका.

मित्राकडे बसून त्याने आधीच सगळी बघून टाकली. आता?

आता बंदी घालून उपयोग नाही, आणि रागावलात तर पुढच्या वेळी कळणारही नाही. त्याला कोण आवडलं ते विचारा. 'बर्लिन' म्हणाला तर आरिआद्नाबद्दल त्याचं काय मत आहे हे विचारा आणि तो बोलेपर्यंत गप्प बसा. बहुतेक मुलांनी त्याकडे तसं पाहिलेलंच नसतं. उपदेशापेक्षा हा एक प्रश्न जास्त काम करतो. झोप उडाली असेल, छळाचं दृश्य डोळ्यांसमोरून हलत नसेल, तर मात्र थट्टा करू नका. काही दिवसांनीही तसंच राहिलं तर शाळेच्या समुपदेशकांशी बोला.

मी 15 वर्षांची आहे. आईला वाटतं मी अजून लहान आहे. तिला कसं पटवू?

तिला पहिला एपिसोड तुझ्यासोबत बघायला सांग. 'सगळे बघतात' हे वाक्य एकदाही उच्चारू नकोस, त्याने आजवर एकाही आईचं मत बदललेलं नाही. एपिसोड संपल्यावर ॲलिसनच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस हे आपण होऊन सांग. त्यानंतरही ती 'वर्षभर थांब' म्हणाली तर थांब. मालिका कुठे पळून जात नाही, आणि शेवट काय होतो हे तुला वर्गात कळलंच असेल.

'बर्लिन' नावाची वेगळी मालिकाही आलीये. ती चालेल का? त्यात हिंसा कमी आहे म्हणे.

हिंसा कमी आहे हे खरं. डिसेंबर 2023 मध्ये आलेली ही मालिका आधीच्या काळातली, पॅरिसमधल्या दागिन्यांच्या चोरीची, बरीचशी हलकीफुलकी. पण तिचा नायक तोच माणूस आहे आणि त्याला प्रेमवेडा, मोहक म्हणून रंगवलंय. मूळ मालिकेत त्याने काय केलं हे माहीत नसलेल्या मुलाला तो फक्त रुबाबदारच दिसणार. म्हणून माझ्या मते ही आधी दाखवू नये, आकड्यात ती सौम्य दिसली तरी.